जागा नही शे!

लाल रंगाला नंदुरबारचा माणूस सहसा बिचकत नाही. बाजार समितीत ओल्या लाल मिरचीच्या गाड्या लागायला लागल्या की शहराबाहेरच्या पथाऱ्या बघता बघता लाल होतात. वारा फिरला की अख्खी आळी एकदम शिंकते आणि बाहेरगावचा पाहुणा डोळे पुसत विचारतो, "तुम्ही इथे राहता तरी कसे?" असल्या गावात संगणकाच्या पडद्यावर सी ड्राइव्हसमोरची निळी पट्टी लाल झाली म्हणून कोण घाबरणार? रिकामी जागा दहा टक्क्यांच्या खाली गेली की विंडोज ही पट्टी लाल करतं. ज्यानं ही सोय केली त्याच्या देशात लाल म्हणजे धोका. आमच्याकडे लाल म्हणजे माल आला.

आणि माल तर रोजच येतो. प्रश्न आहे तो ठेवायचा कुठे.

आमच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. सगळी आळी त्यांना नाना म्हणते. त्यांच्याकडे ५०० जीबीची डिस्क असलेला एक संगणक आहे. तो मुळात नातवाच्या अभ्यासासाठी घेतला होता. नातू शिकायला नाशिकला गेला, अभ्यास त्याच्याबरोबर गेला, संगणक नानांकडे राहिला. आता त्यात कीर्तनं आहेत. ठिबकवरच्या पपईचे व्हिडिओ आहेत. गुडघेदुखीवरचे, एकमेकांना खोडून काढणारे उपाय आहेत. सारंगखेड्याच्या दत्तयात्रेतले नाचणारे घोडे आहेत. भाऊबंदांतली तीन लग्नं आहेत आणि एक साखरपुडा आहे, जो पुढे मोडला. पण व्हिडिओ चांगला निघालाय म्हणून ठेवला आहे. परवा एका नव्या व्हिडिओला संगणकानं दारातच अडवलं आणि इंग्रजीत दोन ओळींचं निवेदन दिलं. सूनबाईनं विचारलं, "नाना, काय म्हणतोय तो?" नानांनी चष्मा वर केला आणि दोन ओळींचा तीन अहिराणी शब्दांत निकाल लावला, "जागा नही शे."

पुण्या-मुंबईचे पाहुणे नानांना हसतात. "अहो नाना, आता सगळं ऑनलाइन असतं. पाहिजे तेव्हा लावायचं आणि बघायचं. उतरवून कशाला ठेवता?" या मंडळींनी आमचा जिल्हा रेल्वेच्या खिडकीतून पाहिलेला असतो. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा सहा तालुक्यांचा. मधून वाहणारी तापी, उत्तरेच्या हद्दीवर नर्मदा आणि दोघींच्या मध्ये सातपुडा. या सातपुड्याला मोबाइल कंपन्यांचे नकाशे मान्य नाहीत. धडगाव, मोलगीकडे जा. तिथल्या पाड्यांवर नेटवर्क गावाला नसतं, जागेला असतं. अमक्या टेकडीवर महूच्या झाडाखाली उभं राहिलं की दोन काड्या, झाडाच्या पलीकडे गेलं की शून्य. तिथे गेलेल्या माणसाला फोन लागत नाही. फोन लागायच्या जागी माणूस जाऊन उभा राहतो.

गंमत म्हणजे देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं ते याच जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत, २९ सप्टेंबर २०१० ला. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी त्यासाठी आले होते. थोडक्यात, देशाच्या ओळखीची सुरुवात आमच्याकडून झाली. अंगठा टेकवल्यानंतर पडद्यावरचं ते गोल चक्र किती वेळ फिरू शकतं, याचा अनुभवही साहजिकच आमचाच सर्वांत जुना.

नवापूरची तर आणखी वेगळी तऱ्हा. तिथलं रेल्वे स्टेशनच अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. फलाटावरच्या एका बाकाच्या मधून राज्याची हद्द जाते आणि लोक हौसेनं तिच्या दोन्ही बाजूंना बसून फोटो काढून घेतात. गाड्यांच्या सूचना मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजी अशा चार भाषांत होतात. अशा ठिकाणी एखादा व्हिडिओ उतरवायला घ्यावा, तर तो एका राज्यात सुरू होतो आणि दुसऱ्या राज्यात अडकतो. सुरत-भुसावळ मार्गावर रोज जाणारी-येणारी माणसं म्हणूनच घरूनच शिदोरी घेऊन निघतात. शेंगदाण्याची चटणी डब्यात आणि मालिकेचे दोन भाग मोबाइलमध्ये. वाटेत नेटवर्क गेलं तरी त्यांचा नायक थांबत नाही. शेजारचा मात्र 'अरे, काय झालं पुढे?' म्हणत मान वाकडी करून यांच्या पडद्यात बघत राहतो.

ही शिदोरी बांधण्याची सवय इंटरनेटच्याही आधीची. आमच्याकडे व्हिडिओ आला तो व्हीसीडीवर बसून. एका तबकडीत ७०० एमबी, म्हणजे सुमारे सव्वा तासाचा ऐवज. त्यामुळे पिक्चर दोन किंवा तीन तबकड्यांत यायचा आणि तिसरीवर हमखास ओरखडा असायचा. खान्देशातल्या एका अख्ख्या पिढीनं कित्येक खलनायक मरताना पाहिलेले नाहीत. शेजारच्या मालेगावात तर स्वतःचेच पिक्चर निघत होते. शेख नासिर यांनी तिथल्या कलाकारांना घेऊन 'मालेगाव के शोले' काढला. पुढे त्या वेडाची गोष्ट फैझा अहमद खान यांच्या २००८ च्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' या माहितीपटानं जगभर पोहोचवली. आम्हाला मात्र ते वेड माहितीपटाच्या आधीपासून, चहाच्या टपरीवरच्या टीव्हीतून ठाऊक होतं.

मग आली मेमरी कार्डं. एसटी स्टँडच्या आसपास मोबाइल दुरुस्तीची दुकानं होती, त्यांच्या काचेवर पाटी असे: 'मेमरी भरून मिळेल'. आत एक पोरगा, एक धूळ खाल्लेला संगणक आणि दहा कार्डं एकदम खाणारा एक कार्ड रीडर. आठवडे बाजाराच्या दिवशी गर्दी. गिऱ्हाईक पाठीमागचं झाकण काढून, बॅटरी उचकटून नखाएवढं कार्ड पुढे करायचं.

"काय भरू, भाऊ?"

"अहिराणी टाक. डीजेचं टाक. आणि रोडालीची गाणी असतील तर तीपण टाक."

"व्हिडिओ टाकू?"

"टाक ना. पण भजनं आधी टाक. घरी म्हातारी आहे."

पोरगा कार्ड आत ढकलायचा आणि पहिल्यांदा काय करायचा, तर आतलं सगळं पुसायचा. दोन जीबीत जागा कुठून येणार? मग भसाभस ओतायचा. वजनावर विकावी तशी गाणी मिळत. कॉपीराइट हा शब्द त्या दुकानात कुणी तोंडातून काढत नसे, आणि काढला असता तर पोरानं विचारलं असतं, "ते कोणाचं गाणं आहे?" व्हिडिओ थ्रीजीपी जातीचे असत. १७६ बाय १४४ ठिपक्यांच्या त्या चित्रात नायिका आहे एवढं कळायचं, कोणती आहे ते गाण्यावरून ओळखायचं. पण त्या धूसर चित्रांनी दुर्गम पाड्यांवर संध्याकाळी जी मैफल जमवली, ती आजच्या फोर-केला जमत नाही. एक फोन, आठ डोकी, आणि ज्याचा फोन तो मधोमध.

पुढे ५ सप्टेंबर २०१६ ला, नेमकं शिक्षकदिनी, जिओ सुरू झालं. तेव्हापासून देशात शिकवणारे फार वाढले. डेटा आधी फुकट आणि नंतर स्वस्त झाला, आणि आमच्या जिल्ह्यातली पूर्वीची सगळी उपासमार एकदम बाहेर पडली. रोजचा डेटा ठरलेला. रात्री बारा वाजता उरलेला संपतो. आता, पानात वाढलेलं टाकू नये असं ज्यांना लहानपणापासून शिकवलं, त्यांनी करायचं काय? रात्री साडेअकराला नाना फोन तपासतात. "अजून सहाशे एमबी शिल्लक आहे रे. वाया जाईल." मग मोबाइलचा हॉटस्पॉट सुरू होतो, संगणक जागा होतो आणि जे समोर येईल ते उतरवलं जातं. गरज नसलेला व्हिडिओ, वेळ नसलेल्या माणसासाठी, झोपेच्या वेळेत. पुण्य एवढंच की डेटा वाया गेला नाही.

हिशेब साधा आहे. रोज दीड जीबी धरला तर वर्षाला साडेपाचशे जीबीच्या आसपास होतात. नानांची डिस्क ५०० ची. तीही कागदावर. लावल्यावर विंडोज ४६५ च दाखवतं. कारण विकणारा हजाराच्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या पटीत. चोरी कुणीच केलेली नाही, तरी ३५ जीबी गेले. नानांनी नोकरीत असताना महागाई भत्त्याचे फरक पैशापर्यंत काढून घेतले होते. ते या उत्तरावर समाधानी नाहीत. "मापात पाप," एवढं बोलून ते गप्प बसतात. उरलेल्यात विंडोज स्वतः ऐसपैस पसरलेलं. थोडक्यात, व्हिडिओला चारशे जीबी. रोज दीडनं भरायचे म्हटलं तर नऊ महिने. म्हणजे नव्या डिस्कचं कौतुक बाळंतपणापुरतंच टिकतं.

खरं तर तक्रार करू नये असा इतिहास आहे. आयबीएमनं १९५६ साली पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिच्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या होत्या. वजन टनाच्या वर. आणि क्षमता किती, तर ५० लाख अक्षरांची. आजचा जोडलेल्या हातांचा आणि फुलांचा एक 'शुभ सकाळ' व्हिडिओ टाकला असता तर ती डिस्क तिथेच भरली असती. एवढ्या मोठ्या यंत्रावर तेव्हा कंपन्यांचे हिशेब चालत. आता नखाएवढ्या कार्डात त्याच्या हजारो पट जागा आहे आणि त्यात फुलं आहेत.

आता ही जागा जाते कुठे ते पाहू. व्हिडिओचं वजन लांबीवर ठरतं असा लोकांचा समज आहे. ते लांबीवर ठरतं आणि दर सेकंदाला किती माहिती ओतली यावरही ठरतं. सेकंदाला पाच मेगाबिटनं ओतलेला एक तास म्हणजे सव्वादोन जीबी; आठ बिटांचा एक बाइट, त्यामुळे आठानं भागायचं. नानांचं तीन तासांचं कीर्तन या हिशेबानं पावणेसात जीबी होतं. तेच ४८० पीला, सेकंदाला एक मेगाबिटनं घेतलं तर सव्वा जीबीच्या थोडं वर. बुवा दोन्हींत तेवढेच दिसतात आणि टाळ तेवढाच वाजतो. पण उतरवताना समोर यादी आली की बोट आपोआप सर्वांत वरच्या आकड्यावर जातं. फुकट मिळतंय तर मोठ्यात मोठं घ्यावं, हा नियम माणसानं प्रसादाच्या रांगेत शिकलेला आहे.

त्यात एकच व्हिडिओ चार ठिकाणी असतो. 'डाउनलोड्स'मध्ये मूळ, डेस्कटॉपवर प्रत, व्हॉट्सॲपच्या फोल्डरात आलेली एक आणि पुढे पाठवलेली दुसरी. मधेच वीज गेल्यामुळे अर्धवट राहिलेल्या फायलींचे तुकडे वेगळेच. ते चालत नाहीत आणि जातही नाहीत. रिसायकल बिनचं तर नावच घेऊ नका. नानांनी मागच्या वर्षी मन घट्ट करून बरेच जीबी पुसले आणि जागा एका एमबीनंही वाढली नाही. कारण पुसलेलं सगळं बिनमध्ये सुखरूप बसलेलं होतं. "म्हणजे टाकलं, पण घराबाहेर नाही टाकलं," असं सूनबाईनं समजावलं. नानांना ते फार आवडलं. तेव्हापासून ते बिनधास्त पुसतात.

त्यावर कडी केली त्यांच्या मित्रानं. हे आबा, कीर्तन न्यायला ३२ जीबीचा कोरा करकरीत पेनड्राइव्ह घेऊन आले. संगणकानं पेनड्राइव्ह पाहिला, २९ जीबी रिकामे असल्याचं कबूल केलं आणि पावणेसात जीबीची फाइल घ्यायला साफ नकार दिला.

"नाना, तुमचा डबा बिघडला."

"माझा डबा ठीक आहे. तुमचा पेनड्राइव्ह चिनी आहे."

दोघेही त्या दोन यंत्रांपुढे बसून एकमेकांच्या खरेदीवर संशय घेत राहिले. शेवटी नाशकाहून नातवानं फोनवर निवाडा दिला. पेनड्राइव्ह फॅट-३२ पद्धतीनं आखलेला होता. ही पद्धत १९९६ ची. एक फाइल चार जीबीपेक्षा मोठी असू शकते, हे तिच्या हिशेबातच नाही. आणि का असावं? तेव्हा अख्ख्या डिस्काच एक-दोन जीबीच्या होत्या. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट केला की काम होतं. तसं केलं, कीर्तन गेलं. आबा घरी पोहोचले आणि तासाभरात फोन आला. त्यांच्या टीव्हीला एक्सफॅट वाचता येत नाही. सहा किलोमीटर सायकल मारून बुवा आले होते ते तसेच खिशात राहिले. पुढच्या खेपेला सूनबाईनं कीर्तनाचे दोन तुकडे केले आणि जुन्याच पद्धतीनं भरून दिले. पूर्वरंग एका फायलीत, उत्तररंग दुसरीत. कीर्तनाला ती फाळणी मूळचीच मान्य होती.

यावर खरा उपाय नंदुरबारकराला कुणी शिकवायची गरज नाही. तो रोज डोळ्यांसमोर पथारीवर पसरलेला असतो. ओली मिरची बाजारात येते तेव्हा निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं. ती उन्हात टाकायची, बायांनी देठ खुडायचे, आणि मग पोत्यात भरायची. वजन कितीतरी उतरतं, तिखटपणा तसूभरही नाही. व्हिडिओची वाळवण याच तत्त्वावर चालते. कीर्तनकार बुवांच्या मागचा भगवा पडदा तीन तास जागचा हलत नाही. तो दर सेकंदाला पंचवीस वेळा पुन्हापुन्हा लिहून ठेवायची गरज काय? एकदा लिहावा आणि पुढे फक्त बुवांचा हात कुठे गेला तेवढं नोंदवावं. २००३ च्या एच.२६४ या पद्धतीनं हे चांगलं केलं. २०१३ मध्ये आलेलं एच.२६५ तेच चित्र जवळपास निम्म्या जागेत बसवतं. हँडब्रेक नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर हे काम करून देतं. देठही खुडायला हवेत: सुरुवातीची 'चॅनलला सबस्क्राइब करा, घंटी दाबा' ही दोन मिनिटं आणि शेवटची तीन. एक इशारा मात्र आहे. वाळलेली मिरची पुन्हा ओली होत नाही. फार वाळवली की बुवांच्या चेहऱ्यावर चौकोन उमटतात. शिवाय नानांच्या संगणकाला एक कीर्तन वाळवायला अख्खी रात्र लागते, आणि आमच्याकडची वीज कधी कधी अख्खी रात्र राहत नाही.

म्हणजे उरला कायमचं पुसण्याचा मार्ग. एका रविवारी सूनबाई पदर खोचून बसली. नाना शेजारी खुर्चीत.

"नाना, हे 'पपई व्हायरस उपाय भाग चार' काढू?"

"राहू दे. लागतं."

"आपण पपई कुठे लावतो आता?"

"आबा लावतात."

"बरं, हे 'गुडघेदुखी सात दिवसांत गायब'?"

"सात दिवस झाले नाहीत अजून."

"दोन वर्षं झालीत नाना, फाइलवर तारीख आहे."

"मी सुरू कुठे केलंय?"

"हा मोडलेला साखरपुडा?"

"कसाले पुसस? राहू दे. मंग देखसू."

'मंग देखसू', म्हणजे नंतर पाहीन. या दोन शब्दांवर चारशे जीबी उभे आहेत. दोन तास बसून अखेर काय काय पुसलं गेलं, तर वीजबिलाची एक पावती, जातीच्या दाखल्याची पीडीएफ आणि नातवाचा दहावीचा निकाल. तिन्ही मिळून दोन एमबी. कारण सोपं आहे. ज्याचं चित्र दिसतं ते पुसणं जीवावर येतं, ज्याचा कागद दिसतो तो निरुपयोगी वाटतो. पंधरा दिवसांनी दाखला लागला तेव्हा सेतू केंद्रावर रांग लावावी लागली. रांगेत नानांनी वेळ घालवायला मोबाइलवर घोडे पाहिले.

आणि याच साफसफाईत एक फाइल पुसता पुसता राहिली. नाव काही नव्हतं, इंग्रजी अक्षरं आणि आकडे. दोन एमबीची, थ्रीजीपी. सूनबाईचं बोट डिलीटवर गेलं होतं; उघडून पाहिली म्हणून बरं. कानबाईच्या रोटाच्या रात्री नानांची आई अहिराणीत गाणी म्हणत होती. चित्रात फक्त एक पिवळा बल्ब आणि हलणारे पदर. आवाज मात्र ठणठणीत.

इथे विनोद थोडा बाजूला ठेवून एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. आपण जे जपतो ते सगळं नेटवर पुन्हा मिळणारं असतं. कीर्तन मिळेल, पपई मिळेल, गुडघेदुखी तर मिळेलच. जे पुन्हा कुठेच मिळणार नाही ते मात्र धूसर असतं, बिननावाचं असतं आणि म्हणून पहिल्या झाडूत निघून जातं. 'मेमरी भरून मिळेल'च्या दुकानात कार्ड भरण्याआधी जे पुसलं जायचं, त्यात कुणाच्या आजीच्या ओव्या गेल्या असतील, कुणाच्या पाड्यावरची पावरीतली लग्नगीतं, कुणाच्या गावची सोंगाड्या पार्टी. अहिराणी, भिलोरी, पावरी, मावची, गुजरी एवढ्या भाषा एका जिल्ह्यात बोलल्या जातात; त्यांतलं किती म्हाताऱ्यांच्या तोंडी होतं आणि किती दोन जीबीच्या कार्डांवरून दोनशे डीजे गाण्यांना जागा करून देण्यासाठी गेलं, त्याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. त्यामुळे नियम उलटा हवा. जे पुन्हा उतरवता येतं ते पुसावं. जे फक्त आपल्याकडेच आहे ते एका डिस्कवर नव्हे, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवावं, आणि त्या फायलीला माणसाचं आणि गावाचं नाव द्यावं. बाकी डिस्क थोडी रिकामीच ठेवावी. रिकाम्या जागेवाचून संगणकाला हातपाय हलवता येत नाहीत.

फुकटच्या जागेवर तर विसंबूच नये. गूगल फोटोनं अमर्याद फुकट साठवण १ जून २०२१ पासून बंद केली. आता १५ जीबी, तेही मेल आणि फोटो मिळून. नातवानं नानांचे व्हिडिओ तिकडे चढवायला घेतले, तर १५ जीबी दोन कीर्तनांत भरले आणि पेन्शनच्या मेल यायच्या बंद झाल्या. नानांनी त्याच दिवशी कीर्तनं खाली उतरवून घेतली. संतांपुढेही पेन्शन थांबता कामा नये, असं ते म्हणाले.

सूनबाईनं नियम पटवून दिला. कानबाईची गाणी आता तीन ठिकाणी आहेत आणि फायलीवर नानांच्या आईचं नाव आहे. उरलेल्याबाबत नानांनी मात्र एक अट घातली: पुसायचं ते पाहून पुसायचं. न पाहता पुसणं म्हणजे न वाचता पेपर तपासणं, आणि ते त्यांनी छत्तीस वर्षांच्या नोकरीत कधी केलं नाही. त्यामुळे सध्या ते रोज दुपारी दोन तास शिस्तीत बसून व्हिडिओ पाहतात आणि पाहून झालेला पुसतात. बिनमधूनसुद्धा. त्यातून बऱ्याच गोष्टी उघडकीला येत आहेत. 'भाग चार' हाच 'भाग दोन' आहे. एक कीर्तन तीन वेगवेगळ्या बुवांच्या नावानं आहे. साखरपुड्यात मुलीकडचे लोक पहिल्यापासूनच नाखूश दिसतात.

तासाला सरासरी एक जीबी धरला तर रोज दोन जीबी रिकामे होतात. रात्री बारापर्यंत दीड जीबी नवे येतात, कारण डेटा वाया घालवायचा नाही हा नियम कायम आहे. म्हणजे रोजची निव्वळ कमाई अर्धा जीबी. चारशे जीबी रिकामे व्हायला ८०० दिवस, म्हणजे सव्वादोन वर्षं. सूनबाईनं हा हिशेब कागदावर मांडून दाखवला आणि जपून विचारलं, "नाना, त्यापेक्षा नवं उतरवणं बंद केलं तर?"

नानांनी तिच्याकडे, आकडेमोड बरोबर पण उत्तर चूक आलेल्या मुलीकडे पाहावं तसं पाहिलं.

"मग सव्वादोन वर्षांनी पाहू काय?"